पहिले पान कोणाचे?



ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेने मला ज्यांनी मराठी शिकवले त्या गुरुजींच्या स्मरणार्थ बोलायला बोलवावे, हा माझ्या आयुष्यातला मोठा सन्मान आहे आणि तेवढेच मोठे ओझेही आहे. पुढे विद्यापीठात मी अनेक वर्षे शिकवले, परिसंवादांत बोलले, परंतु वडोदऱ्याहून पादऱ्याला येताना आज जशी छाती धडधडली तशी कधी धडधडली नव्हती. कारण समोरच्या खुर्चीवर कोणीही बसलेले असो, मागच्या भिंतीला टेकून गुरुजी ऐकत उभे आहेत असे मला वाटते आहे.

त्या काळी या शाळेत मराठीच्या तासाला आम्ही जेमतेम अकरा जण असू. गायकवाडीतल्या नोकरीसाठी दोन-तीन पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या कुटुंबांतली ही मुले. घरात मराठी, अंगणात गुजराती, आणि दोन्हींत अशुद्ध. अशा आम्हांला गुरुजींनी अकरावीच्या वर्षी एक पुस्तक वाचायला दिले. ते शाळेच्या ग्रंथालयातले नव्हते, त्यांच्या स्वतःच्या कपाटातले होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. देताना ते म्हणाले, “हसत हसत वाच. मग पुन्हा एकदा वाच.” त्या दुसऱ्या वाचनातूनच माझ्या पीएच.डी.चा विषय निघाला. एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या मराठी स्त्रियांची आत्मकथने, हा तो विषय. आज बोलायचे आहे तेही त्यातूनच आले आहे.

विषय असा आहे : स्वतःआधी दुसऱ्याला ठेवून ख्रिस्ती श्रद्धा जगणे म्हणजे काय, आणि मराठी माणसांनी ती कशी जगून दाखवली. प्रारंभीच सांगते, मी जन्माने ख्रिस्ती नाही आणि कोणाला एका देवळातून उठवून दुसऱ्यात बसवण्याचा माझा हेतू नाही. दुसऱ्याचे दुःख जाणणे ही कोणा एका धर्माची मिरास नव्हे. वैष्णव कोणाला म्हणावे हे नरसिंह मेहतांनी याच गुजरातेत सांगितले आणि साधू कोणाला म्हणावे हे तुकोबांनी देहूला सांगितले. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असेच म्हणत. तरीही प्रत्येक धर्माची आपली एक कसोटी असते. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, आणि अंतिम न्यायाच्या वेळी विचारला जाणारा प्रश्न म्हणून त्याने भुकेल्याला खाऊ घातले की नाही, परक्याला घरात घेतले की नाही, असे अगदी घरगुती प्रश्न सांगितले. तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेची परीक्षा प्रार्थनामंदिरात जितकी होते तितकीच ती स्वयंपाकघरात आणि दाराच्या उंबऱ्यावर होते. म्हणून मी व्याख्यानाला नाव दिले आहे : पहिले पान कोणाचे?

उंबऱ्याची गोष्ट निघाली म्हणून आधी एका दाराबद्दल सांगते. ते दार याच गावातले आहे.

वडिलांच्या सारख्या बदल्या होत असल्यामुळे मी आजीजवळ, म्हणजे आईच्या आईजवळ, पादऱ्याला वाढले. आजीचे माहेर हेच. लग्न होऊन ती सासरी गेली होती, परंतु 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आजोबा गेले आणि पदरात वर्षाची मुलगी घेऊन ती सव्विसाव्या वर्षी माहेरी परत आली. तिचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, येथल्या कचेरीत कारकून होते. घर साधेच. पुढे ओटा, मधे माजघर, मागे परसू आणि परसाला एक जाड सागवानी दार. त्या दाराला आडवा अडसर होता. मी लहान असताना तो काढायला मला दोन्ही हात लावावे लागत.

आजी सात-आठ वर्षांची असताना संवत् 1956 चा दुष्काळ पडला. गुजरातेत आजही म्हातारी माणसे त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात. इंग्रजी सन 1899-1900. त्यापूर्वी गुजरातला दुष्काळाची फारशी सवय नव्हती, त्यामुळे तो आला तेव्हा माणसे आणि गुरे दोन्ही गाफील सापडली. चारा गेला, गुरे गेली, मग माणसे निघाली. बडोदे संस्थानची 1891 ची लोकसंख्या 24 लाखांच्या वर होती, 1901 च्या खानेसुमारीत ती साडेएकोणीस लाख भरली. दुष्काळ, रोगराई आणि गाव सोडून जाणे हे सगळे त्या आकड्यात आले. आकडा वाचताना आपल्याला काही होत नाही. आजीला मात्र आकडा माहीत नव्हता, तिला एक मुलगी माहीत होती.

एका संध्याकाळी मागल्या दाराशी आजीच्याच वयाची एक मुलगी आली. तिने रोटलो मागितला. पणजीने भाकरीचा तुकडा मोडून हातात घेतला होता. तेवढ्यात पणजोबा आतून आले. ते दुष्ट नव्हते. ते म्हणाले, “आज एकीला दिलेस तर उद्या वीस जणी येतील. घरात चार लेकरे आहेत, कोठीतले धान्य दिवाळीपर्यंत पुरवायचे आहे.” त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. पणजीने तुकडा पुन्हा टोपलीत ठेवला आणि दाराला अडसर घातला. सकाळी दार उघडले तेव्हा मुलगी तेथे नव्हती. आजीने विचारले, “कुठे गेली ती?” आई म्हणाली, “गेली असेल कुठेतरी.”

ही गोष्ट आजीने मला किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. दर वेळी शेवट तोच. “कुठे गेली असेल गं ती?” ती ऐंशीच्या घरात पोचली, तिची स्मृती पुसट झाली, माझे नावही कधी कधी तिला आठवेना, तरी हा प्रश्न राहिला. मला वाटायचे, म्हाताऱ्या माणसाला एखादी गोष्ट चिकटते तशी ही चिकटली आहे. त्या प्रश्नाला काही उत्तर असू शकेल असे माझ्या मनातही आले नव्हते.

आता आपण पादऱ्याहून जरा दूर जाऊ, कारण भाकरीचा असाच एक तुकडा आणखी एका मुलीच्या चरित्रात आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न, पण काळाच्या पुढे पाहणारे. स्त्रीला संस्कृत शिकवू नये असे सांगणाऱ्या समाजात त्यांनी आपल्या पत्नीला आणि मग मुलीला संस्कृत शिकवले. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडे. मिळालेले दान हातचे राखून न ठेवता खर्चून टाकी. 1870 नंतरच्या दक्षिणेतल्या दुष्काळात हे कुटुंब अक्षरशः उपाशी पडले. शास्त्र शिकलेल्या हातांना मजुरीची सवय नव्हती आणि भीक मागायला जीभ वळत नव्हती. 1874 मध्ये वडील गेले. त्यांच्यामागोमाग आई अंथरुणाला खिळली. आईसाठी काही खायला मागून आणावे म्हणून तरुण रमाबाई शेजारच्या एका बाईच्या दाराशी गेल्या. शब्द फुटेना. कसेबसे मागितले, त्या बाईने मायेने बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन त्या आल्या, पण आईला तो गिळवला नाही. आई गेली, नंतर थोरली बहीण गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. दोघांनी शेकडो कोस पायपीट केली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या भाकरीच्या तुकड्याची कल्पना असेल?

1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबाह्य विवाह केला. 1882 मध्ये पतीही गेले. मांडीवर लहानगी मनोरमा राहिली. त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनेविषयी महाराष्ट्रात शंभर वर्षे वाद झाला. मी येथे एकच बाजू मांडते, ती त्यांनी स्वतः सांगितलेली. लंडनच्या फुलहॅम भागात धर्मभगिनी चालवीत असलेले एक आश्रयस्थान त्यांना दाखवण्यात आले. समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकून दिले अशा स्त्रिया तेथे होत्या आणि त्यांची सेवा मायेने चालली होती. रमाबाईंनी विचारले, हे तुम्ही का करता? उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. ज्या जातीच्या हातचे पाणी यहुदी घेत नसत त्या जातीच्या, शिवाय लोकापवादाने भर दुपारी एकटीच पाण्याला आलेल्या स्त्रीजवळ येशू बसतो आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. सोवळ्याच्या घरात जन्मलेल्या आणि पोथ्यांत स्त्रीनिंदा पाठ केलेल्या रमाबाईंना त्या एका घोट पाण्यात काय दिसले असेल, ते आपण मराठी माणसे इतरांपेक्षा अधिक चांगले समजू शकतो.

परंतु धर्म स्वीकारला म्हणून त्यांनी आपली विवेकबुद्धी कोणाच्या हवाली केली नाही. ज्यांनी त्यांना आश्रय दिला त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. धर्मपीठाने सांगितले म्हणून मानायचे, ही गोष्ट त्यांना मान्य नव्हती. स्वतःआधी दुसऱ्याला ठेवणे म्हणजे दुसऱ्यापुढे मान तुकवणे नव्हे, हा भेद त्यांच्या मनात पक्का होता. व्याख्यानाच्या उत्तरार्धात मला याच भेदाकडे परत यायचे आहे.

अमेरिकेत मदत उभी करून 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. उच्चवर्णीय विधवांसाठी ते घर होते. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. एका ख्रिस्ती बाईच्या सदनातून निघालेला हा धागा हिंगण्यापर्यंत गेला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. सदन 1890 मध्ये पुण्यास आले. संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, असा करार होता. तो पाळला गेला काय, यावरून 1893 मध्ये मोठे वादळ उठले. रमाबाई आपल्या खोलीत मुलीला घेऊन प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही विद्यार्थिनी आपणहून येऊन बसत. दार लावून घ्या, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सज्जन सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुलींना काढून नेले. रानडे-भांडारकरांची बाजू मी हलकी करीत नाही. विश्वासाच्या कराराचा तो प्रश्न होता. परंतु तो सगळा वाद वाचताना मला दर वेळी आमच्या परसातले दार आठवते. तेथेही ‘लावून घ्या’ असेच शहाणपणाचे सांगणे होते.

पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तेव्हा संस्थेजवळ पैसा नव्हता, अमेरिकेतील मंडळाने दिलेली दहा वर्षांची हमीही संपत आली होती. अशा वेळी हिशेबी माणूस हातचे सांभाळतो. रमाबाईंनी मात्र स्वतःचा दुष्काळ आठवला आणि त्या मध्य प्रांतात गेल्या. तेथून त्यांनी उपासमारीने सांगाडा झालेल्या मुली आणि तरुण विधवा आणल्या. शारदा सदन मूळचे उच्चवर्णीय विधवांचे, या मुली मात्र नाना जातींच्या. पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती, नवीन माणसे शहरात ठेवायला बंदी. म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या शेतात त्यांनी छपऱ्या आणि तंबू उभारले. तेच पुढे ‘मुक्ती’ झाले. त्या सरकारच्या मर्जीतल्या होत्या असे समजणाऱ्यांसाठी एवढे सांगते की 1897 मध्ये पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत एका मुलीच्या झालेल्या दुर्दशेबद्दल त्यांनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहून अधिकाऱ्यांना जाब विचारला. त्या पत्राची चर्चा इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत पोचली.

आणि मग 1900 साल आले. छप्पनियोचे साल. रमाबाईंनी आपली माणसे गुजरातेत पाठवली.

श्रोतेहो, माझ्या प्रबंधात या घटनेला एक ओळ आहे. एकच. ‘1900 च्या गुजरातमधील दुष्काळात आणखी मुली केडगावला आणण्यात आल्या.’ मी ती ओळ लिहिली, टंकलेखकाकडे दिली, पदवी घेतली. आजी तोपर्यंत गेली होती. पुढे कितीतरी वर्षांनी एका विद्यार्थिनीला ‘गुजरात’ हा शब्द वाचून दाखवताना मी मधेच थांबले. गुजरात म्हणजे कोणते? गुजरात म्हणजे आमचा परसू नव्हे काय? आजीने जन्मभर विचारलेल्या प्रश्नाचे एक शक्य उत्तर माझ्याच प्रबंधात पडून होते आणि ते मी वाचले नव्हते.

ती मुलगी केडगावला पोचली असे मी म्हणत नाही. पोचली नसण्याचा संभवच अधिक आहे. त्या वर्षअखेर मुक्तीमधील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली होती. दोन हजार हा आश्रमासाठी प्रचंड आकडा आहे आणि दुष्काळासाठी अगदीच लहान. पण पणजोबांनी ज्यासाठी दार लावले ते कारण काय होते? एकीला दिले तर उद्या वीस येतील. केडगावच्या बाईनेही हेच गणित मांडले असणार. तिच्याकडे वीस आल्या, मग तीनशे आल्या, मग दोन हजार. गणित तेच होते. पहिले पान कोणाचे, एवढाच निर्णय वेगळा होता.

हे पान वाढणे म्हणजे नुसते अन्नछत्र नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. शारदा सदनात शिकलेल्या विधवा येथे शिक्षिका झाल्या. मुली विणकाम, शिवणकाम, शेती, गुरे सांभाळणे, छापखान्यातले खिळे जुळवणे शिकल्या. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले, अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवू लागल्या. स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. संस्कृतात वाद घालणारी पंडिता आयुष्याच्या शेवटी अक्षरओळख नुकतीच झालेल्या मुलीसाठी शब्द शोधत बसली होती. विद्येतही पहिले पान तिने त्या मुलीला वाढले. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी आई.

आता त्या भेदाकडे येते. कोणी म्हणेल, प्राध्यापकबाई, स्वतःआधी दुसऱ्याला ठेवणे यात नवीन काय? आमच्या घरोघरी आई तेच करते. अगदी खरे. माझी आजी त्या घरात बावन्न वर्षे सर्वांच्या शेवटी जेवली. आधी पुरुष, मग मुले, मग सुना, मग ती. उरले तर भाजी, नाही तर ताक. तिला कोणी त्यागमूर्ती म्हटले नाही, कारण विधवेने शेवटी जेवायचे हा नियमच होता. नियमाने घडवलेला त्याग हा त्याग नसतो, तो हक्क नाकारणे असते. म्हणून धर्माच्या व्यासपीठावरून ‘दुसऱ्याला आधी’ असे कोणी म्हटले, की मी प्रथम बघते, ते कोण कोणाला सांगते आहे. जो पहिल्या पंक्तीला बसतो त्याने शेवटच्या पंक्तीला ते सांगणे ही चलाखी झाली. रमाबाईंनी शेवटच्या पंक्तीतल्या बाईला त्याग शिकवला नाही. तिला त्यांनी पहिल्या पंक्तीत बसवले आणि स्वतः वाढायला उभ्या राहिल्या.

हाच भेद लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या खेळकर शैलीत दाखवला आहे. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. जवळजवळ पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. मग त्या नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळे सोडून आल्या नव्हत्या. त्यांचे वडील सोवळ्याच्या अतिरेकी वेडाने पछाडलेले होते, ते बाळकडू सुटायला वेळ लागला. पण जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला आणि मग 1900 मध्ये स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने घेतला म्हणून नव्हे, हे महत्त्वाचे. टिळकांची उदारता अफाट होती. हातात पैसा ठरत नसे, घरी कोणाला घेऊन येतील याचा नेम नसे. मात्र आणलेल्या पाहुण्याच्या पानात काय वाढायचे, हे कोडे लक्ष्मीबाईंनी सोडवायचे. उदारतेची कीर्ती एकाची आणि तिची किंमत मोजणारी दुसरी, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसता हसता लक्षात येते. गुरुजी ‘पुन्हा एकदा वाच’ म्हणाले ते यासाठीच असावे. परंतु पुढे परकी पोरे आपली म्हणून घरात घेताना त्या कोणाच्या आज्ञेची वाट पाहत नाहीत, असेही दिसते. सक्तीने होत होते तेच काम निवडीने होऊ लागले आणि त्याचा अर्थ बदलला. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. 1919 मध्ये ते गेले आणि त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. पंक्तीला आणखी पाने मांडण्याचाच हा प्रकार होता.

एक आक्षेप राहतो आणि तो मी टाळणार नाही. मुक्तीमधील मुली ख्रिस्ती संस्कारांत वाढल्या, बहुतेक ख्रिस्ती झाल्या. भुकेलेल्या मुलीला भाकरीबरोबर धर्म दिला तर तिला निवड कोठे उरते? लक्ष्मीबाईंना पाच वर्षे मिळाली, त्या मुलीला किती मिळाली? प्रश्न रास्त आहे. रमाबाईंच्या चाहत्यांनीही तो स्वतःला विचारला पाहिजे, आणि माझ्याजवळ त्याचे सर्वांना पटेल असे उत्तर नाही. मात्र हा प्रश्न विचारणाऱ्या आमच्या घराला मी आधी एक प्रश्न विचारीन. ती मुलगी आपल्या दाराशी आली तेव्हा ती कोणत्या धर्माची होती? तेव्हा तिला आपल्या धर्माने काय दिले? अडसर घालणाऱ्याने सकाळी उठून ‘तिला कोणी नेले’ याची चौकशी करू नये. करायचीच असेल तर रात्री दार उघडावे.

आणि हे दुसऱ्यांना सांगताना माझे स्वतःचे दार कसे आहे, तेही सांगितले पाहिजे. निवृत्तीनंतर माझ्या घरी कामाला एक बाई येत. त्यांची मुलगी हुशार, मराठी आणि गुजराती दोन्ही स्वच्छ लिहिणारी. दहावी झाली तेव्हा त्या म्हणाल्या, “बाई, आमची खोली एकच आहे, नवरा पिऊन येतो. हिला दोन वर्षे तुमच्याकडे राहू द्याल का? घरातले सगळे करील.” माझे घर तीन खोल्यांचे, राहणारी मी एकटी. मी म्हटले, “बघू.” माझी पुस्तके त्या खोलीत होती, दुपारची झोप मोडेल असे वाटले, जबाबदारीची भीतीही वाटली. मी शिक्षणासाठी पैसे देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत, कारण त्यांनी पैसे मागितलेच नव्हते. पुढल्या वर्षी मुलीचे लग्न लावून दिले. त्यानंतर काही दिवसांनी बाईंनी काम सोडले. ती मुलगी आता कुठे असते, मला ठाऊक नाही. आजीचा प्रश्न तिच्यामागे वारसाने माझ्याकडे आला आहे. फरक एवढाच की आजी तेव्हा सात वर्षांची होती आणि मी सत्तरीच्या उंबरठ्यावर. शिवाय दिवाळीपर्यंत पुरवण्याचा हिशेब पणजोबांना करावा लागत होता, मला तोही नव्हता.

मला तेव्हा समजले की जास्तीचे देणे आणि जागा देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पैसा देताना आपण आपल्या जागेवर बसून असतो. जागा देताना आपल्याला सरकावे लागते. येशूने सांगितलेल्या गोष्टीतला शोमरोनी प्रवासी जखमी माणसाला नाणे फेकून पुढे गेला नाही. त्याने त्याला आपल्या जनावरावर बसवले, म्हणजे स्वतः खाली उतरून पायी चालला. कथेतला हा लहानसा तपशील आपण भरभर वाचून जातो.

गुरुजींची एक आठवण सांगून थांबते. शाळेच्या ओसरीवर पाण्याचे दोन माठ असत. मधल्या सुट्टीत आम्ही सारे तुटून पडत असू. गुरुजी शेवटी येत. एकदा मुख्याध्यापक त्यांना म्हणाले, “तुम्ही आधी घ्या, नाही तर तळाचे गढूळ तुमच्या वाट्याला येते.” तेव्हा गुरुजींनी ओसरीच्या टोकाला बोट दाखवले. तेथे सफाई कामगाराचा मुलगा ओंजळ धरून उभा होता, माठाला हात लावायची त्याला भीती वाटे. गुरुजी त्याच्याजवळ गेले, त्याच्या हातात पेला दिला, तो पिऊन झाल्यावर त्याच पेल्याने स्वतः प्यायले आणि वर्गावर गेले. भाषण केले नाही. मला वाटते, दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा माठाजवळ येऊ लागला. गुरुजी धर्माने कोण होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ते ख्रिस्ती नव्हते.

केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. परसातले ते सागवानी दार मात्र राहिलेले नाही. घर विकले गेले, तेथे आता दुकाने आहेत. पण मुलांनो, मागल्या बाकावर बसला आहात तुम्ही, तुम्हांला सांगते. दार प्रत्येकाच्या वाट्याला एकदा तरी येते. संध्याकाळची वेळ असते, घरात हिशेब चाललेला असतो आणि बाहेर कोणीतरी उभे असते. त्या वेळी तुम्हांला माझे व्याख्यान आठवणार नाही, आठवण्याचे कारणही नाही. आजीचा प्रश्न तेवढा आठवला तर आठवावा.